यादीत अकरा, मैदानात आठ: एका रविवारच्या सामन्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

टीम हौशी. नोकरदार, एकदोन धंदेवाले, दोघे कॉलेजातले. सराव आठवड्यातून एकदा, तोही जमला तर. रविवारी सकाळी साखळी सामने असतात: लेदर बॉल, ३० षटकांचा डाव, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ६ षटकं. पंच बाहेरून येत नाहीत. जी टीम बॅटिंग करत असते तिचेच दोघे पांढरे कोट चढवून उभे राहतात. हा शेवटचा नियम लक्षात असू द्या, पुढे त्याने आमचा घात केला.

त्या दिवशी कॅप्टन मी होतो. नेहमीचा कॅप्टन बाहेरगावी गेल्यामुळे यादी, किट आणि टॉस ही तिन्ही लोढणी माझ्या गळ्यात आली. कुणी ओळखू येऊ नये म्हणून खाली नावांऐवजी प्रत्येकाचं टीममधलं काम लिहिलं आहे. आकडे मात्र स्कोअरबुकातले आहेत.

अडचण

गुरुवारी रात्री ग्रुपवर अकरा जणांनी होकार दिला. शुक्रवारी मी त्यांची नावं कागदावर लिहून काढली आणि घडी करून खिशात ठेवली. शनिवारी ग्रुपवर चिडीचूप. मी ती शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं धरलं.

रविवारी सव्वाआठला ऑफस्पिनरचा फोन आला: ताप भरलाय. मधल्या फळीतल्या एकाचा फोन बंद. आमच्या सगळ्यात वेगवान गोलंदाजाने मेसेज टाकला, "निघालोय." हौशी क्रिकेटमध्ये या शब्दाचा अर्थ काय होतो ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. सामना नऊचा. पावणेनऊला मी डोकी मोजली. आठ भरली.

आठ जणांनी खेळायला क्रिकेटच्या नियमांची आडकाठी नाही. अकराहून जास्त क्षेत्ररक्षक चालत नाहीत, कमी चालतात. आमच्या साखळीत किमान सात लागतात, म्हणजे तिथेही आम्ही बसत होतो. मग माझ्या डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला: तीन जागा मोकळ्या ठेवायच्या तर कुठल्या?

खरं भगदाड दुसरीकडे होतं. ३० षटकं आणि माणशी ६, म्हणजे पाच गोलंदाज हवेत. मैदानात खरे गोलंदाज तीन होते: दोन मध्यमगती आणि एक डावखुरा फिरकीवाला. चौथा वाटेत. पाचवा तापाने अंथरुणात. वाटेतला वेळेवर आला तरी ६ षटकं कामचलाऊ हातांकडून काढून घ्यावी लागणार होती, आला नाही तर १२. हा हिशोब दोन मिनिटांचा आहे. तो मी केला, पण सामना संपल्यावर, घरी बसून.

समोरचे पर्याय

सामना सोडून देणं हा पहिला. त्यावर कुणी चर्चाही केली नाही, गुण जातात आणि समोरचे अकरा जण सकाळी उठून आलेले असतात.

दुसरा, षटकं कमी करून घेणं. समोरच्या कॅप्टनने स्वतःहूनच विचारलं होतं, "वीस-वीसची करू या का?" मी नको म्हणालो. गोलंदाजीच्या दृष्टीने त्यात फार फरक पडला नसता, हे खरं. २० षटकांत माणशी ४, म्हणजे एक गोलंदाज कमी असला की ३० असोत वा २०, एकपंचमांश डाव उघडाच राहतो. पण पायांच्या दृष्टीने पडला असता. आठ जणांनी १२० चेंडू पळणं आणि १८० चेंडू पळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याच पायांनी पुढे धावाही पळायच्या असतात.

तिसरा, समोरच्यांकडून एकदोन क्षेत्ररक्षक उसने घेणं. मित्रत्वाच्या सामन्यांत हे सर्रास चालतं. त्यांचे दोघे क्रीजवर, दोघे पंच, एक स्कोअरला. उरलेले सहा सावलीतच बसणार होते. मला मागायला लाज वाटली. याहून वेगळं कारण शोधूनही सापडत नाही.

चौथा पर्याय अगदी जवळ उभा होता. आमच्या यष्टिरक्षकाचा तेरा वर्षांचा मुलगा पांढऱ्या कपड्यांतच आला होता. त्याला सीमारेषेवर उभं करा, असं दोघांनी सुचवलं. तो नोंदणीकृत नव्हता, आणि लेदर बॉलपुढे मोठ्या माणसांच्या फटक्यांत तेरा वर्षांचं पोर उभं करायची माझी तयारी नव्हती. त्याला स्कोअरबुक दिलं. त्या दिवशीचा हा माझा एकमेव निर्णय, ज्यावर मी आजही ठाम आहे. पोराने बुक इतकं नेटकं ठेवलं की हे सगळं आज लिहिता येतंय.

पहिला निर्णय, जो निर्णय वाटलाच नाही

टॉसआधी खेळाडूंची लेखी यादी पंचांकडे द्यावी लागते, आणि एकदा दिली की समोरच्या कॅप्टनच्या संमतीशिवाय त्यात बदल होत नाही. माझ्या खिशात शुक्रवारचा कागद तयार होता. तोच दिला. त्यावर तापाने पडलेल्याचं नाव होतं, फोन बंद असलेल्याचंही.

मी दोन रिकाम्या खुर्च्यांवर रुमाल टाकून ठेवला होता. क्लबचे आणखी चार नोंदणीकृत खेळाडू त्या दिवशी निवडीबाहेर होते. त्यांतला एखादा उशिरा का होईना येऊ शकला असता. त्यांना मी एक फोनही केला नाही.

दुसरा निर्णय: टॉस

टॉस जिंकलो आणि क्षेत्ररक्षण घेतलं. माझं गणित असं होतं: आत्ता आठ आहोत, आठांत सातच विकेट. पहिल्यांदा बॅटिंग करून ७० वर गुंडाळलो गेलो तर सामना अकरा वाजता संपेल. त्यापेक्षा नंतर पाठलाग करू, तोवर माणसं वाढतील.

माणसं वाढणार होती तर ती वाढेपर्यंत क्रीजवर दोघांनीच असायला हवं होतं, मैदानात आठांनी नव्हे. बॅटिंग करणाऱ्या टीमचा उशिरा आलेला माणूस खालच्या क्रमांकावर जातो, विषय संपला. क्षेत्ररक्षणाला उशिरा आलेल्याची गोष्ट वेगळी असते. तो जितका वेळ मैदानाबाहेर राहिला, तितका वेळ मैदानात काढल्याशिवाय त्याला चेंडू टाकता येत नाही, कमाल मर्यादा ९० मिनिटं. हा नियम मला ऐकून माहीत होता. टॉसच्या वेळी आठवला नाही, एवढंच.

डाव सुरू झाला

गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडून सहा जण. पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ आणि सीमारेषेवर एक, असे चार ऑफला. मिडविकेट आणि डीप स्क्वेअर लेग लेगला. गोलंदाजांना सांगितलं, ऑफस्टंपच्या बाहेर टाका. स्लिप (यष्टिरक्षकाच्या बाजूला) नाही, थर्ड मॅन (स्लिपच्या मागे, सीमारेषेकडे) नाही, मिड-ऑन (गोलंदाजाजवळ, लेगच्या बाजूला) नाही.

पहिल्या सहा षटकांत ३३ धावा गेल्या आणि एक विकेट मिळाली. त्या ३३ मधले तीन चौकार बॅटच्या कडेला लागून थर्ड मॅनला गेलेले. त्यातला एक कमरेच्या उंचीवरून, जिथे एरवी पहिली स्लिप झोपेतही झेल घेते. हे बोचलं, पण इतपत धरून चाललो होतो.

मिड-ऑन रिकामं ठेवण्याची किंमत मात्र डोक्यात आली नव्हती. सरळ टोलवलेला चेंडू आणायला जाणार कोण? गोलंदाज. चौथ्या षटकात आमच्या दुसऱ्या मध्यमगती गोलंदाजाने चेंडू टाकला, बॅट्समनने तो मिड-ऑनच्या बाजूला हळूच सरकवला, आणि हा आपल्याच चेंडूमागे चाळीस पावलं पळाला. फेकला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, तसाच चालत रन-अपच्या खुणेपाशी गेला. पुढचा चेंडू फुलटॉस. चौकार. हेच त्याच्या पुढच्या षटकातही झालं.

सातव्या षटकाआधी वेगवान गोलंदाज आला, बूट बांधत बांधतच. मी लगेच चेंडू त्याच्याकडे टाकला. गोलंदाजीच्या टोकाला त्यांचा सलामीवीर पंच होता, नुकताच बाद होऊन कोट चढवलेला. तो म्हणाला, "भाऊ, पंचवीस मिनिटं झालीत. बारा षटकांपर्यंत थांबावं लागेल." बरोबर होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्याला मिड-ऑनला उभं केलं. तो टीममधला सगळ्यात चपळ, त्यामुळे मिड-ऑनपासून मिडविकेटच्या सीमारेषेपर्यंतचा सगळा पट्टा त्याच्या गळ्यात टाकला. दोन माणसांचं काम एकटा करत होता आणि छान करत होता. इथे मी नकळत एक अदलाबदल केली: हाताशी असलेला सगळ्यात चांगला गोलंदाज देऊन सगळ्यात चांगला क्षेत्ररक्षक घेतला.

सातवं आणि नववं षटक मी टाकलं, अकरावं आणि तेरावं आमच्या सलामीवीराने. चौदावं आणि सोळावं वेगवान गोलंदाजाला दिलं, दोन षटकांत ५ धावा.

तिसरा निर्णय: दहावा माणूस

पंधराव्या षटकात आमचा एक क्लबमित्र किटमधली आपली बॅट न्यायला आला. निवडीबाहेरच्या चौघांपैकी एक, वरच्या फळीतला बॅट्समन. षटक संपल्यावर मी त्यांच्या कॅप्टनकडे गेलो.

"हा आमचाच आहे, नोंदणी आहे. घेऊ का?"

त्याने क्षणभर विचार केला. "भाऊ, फिल्डिंगला घ्या खुशाल. बॅटिंगला नाही. यादी तुम्हीच लिहून दिलीत ना?"

त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. त्या वेळी ते ३ बाद ८४ वर होते. सामना दोन्ही बाजूंना झुकू शकत होता, आणि चालू सामन्यात समोरच्याला एक बॅट्समन फुकट कोण देतो? टॉसच्या आधी, हसतखेळत विचारलं असतं तर? तेव्हा तोच स्वतःहून षटकं कमी करायला निघाला होता.

म्हणजे आता आम्ही दहा झालो, पण अर्धवट. बदली क्षेत्ररक्षकाला गोलंदाजी करता येत नाही. त्याला मिड-ऑनला ठेवून वेगवान गोलंदाजाला थोडं मोकळं करायला हवं होतं. मी त्याला थर्ड मॅनला पाठवलं, कारण मघाचे ते तीन चौकार अजून बोचत होते.

चौथा निर्णय: चोविसावं षटक

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. सतरा ते बावीस ही षटकं फिरकीवाल्याने आणि दुसऱ्या मध्यमगतीने काढली, दोघांचा कोटा संपला. उरली आठ. पहिल्या गोलंदाजाची तीन शिल्लक, वेगवान गोलंदाजाची चार. बेरीज सात. म्हणजे कामचलाऊ एकच षटक टाकायची गरज होती. तेविसावं मी टाकलं, १० गेले.

चोविसाव्याला वेगवान गोलंदाजाकडे पाहिलं. तो सीमारेषेवरून चेंडू आणून परत येत होता, शर्टाच्या बाहीने तोंड पुसत. मला वाटलं, याला शेवटच्या पाच षटकांसाठी ताजा ठेवू. चेंडू सलामीवीराला दिला. १४ धावा. त्यानंतर सव्वीस, अठ्ठावीस आणि तीस ही षटकं वेगवान गोलंदाजाने टाकली. लागोपाठ दोन षटकं एकाला टाकता येत नाहीत, त्यामुळे त्याचं सहावं षटक वाया गेलं ते गेलंच.

त्यांच्या ७ बाद १८६ झाल्या. चार खऱ्या गोलंदाजांच्या २३ षटकांत ११५, म्हणजे षटकामागे बरोबर पाच. मी आणि सलामीवीर मिळून ७ षटकांत ६२. बाकी ९ बाय आणि लेग-बाय.

पाठलाग

नऊ जणांनी १८७ काढायच्या. सुरुवात चांगली झाली: ११ षटकांत १ बाद ६०, १८ षटकांत ३ बाद १०४. चौथ्या क्रमांकाचा बॅट्समन जमला होता. मी सातव्या क्रमांकावर होतो आणि तोवर गोलंदाजीच्या टोकाला पंच म्हणून उभा.

विसाव्या षटकात आमच्या पाचव्या क्रमांकाच्या पॅडवर चेंडू आदळला. अपील झालं. मधल्या स्टंपसमोर, गुडघ्याखाली. मी बोट वर केलं. आपल्याच माणसाला पायचीत देताना हात जड होतो, पण तो बाद होता. सहावा आला, एक धाव निघाली आणि दुसऱ्या चेंडूवर त्याने मिड-ऑफच्या हातात झेल दिला. ५ बाद ११९. पुढचा बॅट्समन मी. अंगावर पांढरा कोट, खिशात षटक मोजायचे सहा खडे.

विकेट पडल्यापासून तीन मिनिटांत खेळायला तयार व्हावं लागतं. मी तंबूकडे धावलो. कोट फेकला, पॅड बांधायला बसलो तर डावा-उजवा उलटा. थाय पॅड घातलंच नाही. हेल्मेटचा पट्टा चालता चालता लावला. त्यांनी घड्याळाचा बाऊ केला नाही, तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला. दुसऱ्या चेंडूवर मी त्रिफळाचीत. ६ बाद ११९.

माझ्या जागी पंच म्हणून तो दहावा माणूस उभा राहिला. त्याला बॅटिंग करायची परवानगी नव्हती, पण कोट घालायला कुणाच्या संमतीची गरज नव्हती. पहिल्या चेंडूपासून तोच तिथे असायला हवा होता. आमच्या डावाची पहिली वीस षटकं तो सावलीत बसून होता आणि बॅटिंग राहिलेले आम्ही आळीपाळीने उन्हात.

आठव्या क्रमांकाच्या फिरकीवाल्याने ३९ धावांची भागी करून दिली. ७ बाद १५८. मग शेवटचा, वेगवान गोलंदाज.

निकाल

अठ्ठाविसाव्या षटकाचा तिसरा चेंडू. जमलेल्या बॅट्समनने डीप मिडविकेटला टोलवला. सोपी एक धाव. स्ट्राइक आपल्याकडे ठेवायला त्याने दुसरी हाक मारली. वेगवान गोलंदाज वळला, पण पाय वळले नाहीत. सकाळभर त्या पट्ट्यात पळून झालं होतं. वीतभर कमी पडला. धावबाद. गोलंदाजीच्या टोकाला पंच होता आमचाच दहावा माणूस. बोट त्यानेच वर केलं, आणि चालत येऊन बेल्सही त्यानेच काढल्या.

८ बाद १७५, सर्वबाद. ११ धावांनी हार, १५ चेंडू शिल्लक, एकजण ५२ वर नाबाद. स्कोअरर पोराने येऊन विचारलं, आठच विकेट पडल्या तर सर्वबाद कसं लिहू? पुढे खेळायला माणूस उरला नाही की डाव संपतो. त्याला १९७६ ची वेस्ट इंडिजमधली सबाइना पार्क कसोटी सांगितली: भारताचा दुसरा डाव ९७ वर संपला तेव्हा पाचच बाद झाले होते, बाकीचे पाच दुखापतीमुळे मैदानात उतरलेच नाहीत. त्याला ते फार आवडलं. मग त्याने बुकात आमच्या दोघा गैरहजरांपुढे ठळक अक्षरांत "अनुपस्थित" लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

टॉसआधीची पाच मिनिटं मी वाया घालवली. त्या पाच मिनिटांत समोरच्या कॅप्टनशी तीन गोष्टी ठरवता आल्या असत्या: दोन जागा उशिरा भरायची संमती, एखादा उसना क्षेत्ररक्षक, आणि हवं तर षटकं. सामना सुरू होण्याआधी समोरचा कॅप्टन उदार असतो, सुरू झाल्यावर तो त्याच्या टीमचा असतो. यात त्याची चूक काही नाही.

टॉस जिंकून बॅटिंग घ्यायला हवी होती याबद्दल आता टीममध्ये दुमत नाही. थर्ड मॅनबद्दल आहे. यष्टिरक्षक अजूनही म्हणतो की स्लिप एक तरी हवीच होती. मला वाटतं मिड-ऑन मोकळं ठेवणं ही मोठी चूक, कारण त्यातून गोलंदाज थकला.

चोविसाव्या षटकाबद्दल माझंच मत दर आठवड्याला बदलतं. वेगवान गोलंदाजाला दिलं असतं तर १४ च्या ऐवजी चारपाच गेले असते, हे बुक सांगतं. पण त्या वेळी त्याचा चेहरा मी पाहिला होता, बुकाने नव्हे. त्याला दहाव्या षटकापासूनच कमी पळवलं असतं तर हा पेच आलाच नसता, इतकं नक्की.

आता शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाला फोन जातो, मेसेज नाही. यादी मैदानात, हजर माणसं पाहून लिहिली जाते. कॅप्टनच्या खिशात षटकांच्या तीस चौकटी आखलेला कागद असतो. पंचांच्या पाळ्या डाव सुरू होण्याआधी लागतात आणि पुढचे दोन बॅट्समन त्यात घ्यायचे नाहीत असं ठरलं आहे. त्यानंतर एकदा पुन्हा नऊ जणांनिशी खेळावं लागलं. टॉस जिंकून बॅटिंग घेतली, पाळ्या लावल्या, एक क्षेत्ररक्षक मागून घेतला. तरीही हरलो. समोरची टीम चांगली होती.